वर दोन, खाली दोन

रविवार, २ फेब्रुवारी

चि. ठमे,

अनेक आशीर्वाद. पत्रास कारण असं की फोनवर तू "बरं" म्हणतेस आणि ठेवून देतेस. कागदाच्या बाबतीत तसं करता येत नाही. तो फाडता येतो, पण फाडण्याआधी माणूस वाचतोच. वर्गात पकडलेल्या चिठ्ठ्या मीसुद्धा आधी वाचायचो आणि मगच फाडायचो.

आम्ही दोघं इथे रुळलो. 'वृद्धाश्रम' हा शब्द तुला चालत नाही, म्हणून 'इथे' असंच लिहितो. खोली लहान आहे पण भरपूर उजेडाची. दोन लोखंडी खाटा, मध्ये एक खुर्ची, खिडकीखाली अंगण. अंगणात सगळ्यांच्या चादरी एकाच दोरीवर वाळत असतात आणि कुणाची कुठली यावरून रोज भांडण होतं, त्यामुळे करमणुकीची सोय आहे. जेवणाची घंटा हुबेहूब आपल्या शाळेच्या घंटेसारखी वाजते. पहिल्या दिवशी ती ऐकून मी खिशात खडू चाचपला.

तुझी आई मजेत. जेवण ठीक, झोप ठीक. हल्ली माझी चेष्टा करायची म्हणून मला 'सर' म्हणते. अख्खी शाळा म्हणायची, आता ही पण. म्हणू दे बापडी.

खरी बातमी आहे ती बटाटेरावांची. आम्ही इकडे निघालो त्या दिवशी निरोपाला येऊनही तू गाडीतून उतरली नाहीस, पण चिंगीने तिचा गिनीपिग टोपलीसकट आजीच्या मांडीवर ठेवला तेव्हा तिला अडवलंही नाहीस. तेवढं मी लक्षात ठेवलंय. तर बटाटेराव इथे माझ्यापेक्षा मोठे मानकरी झाले आहेत. स्वयंपाकघरातून रोज सकाळी काकडीची सालं येतात, ती माझ्यासाठी नव्हेत. कुणाच्या हातातली पिशवी नुसती सळसळली तरी हे शिट्टी मारतात आणि सगळी आजोबा मंडळी दारात येऊन उभी राहतात.

तुझ्या आईच्या मांडीवर टॉवेल अंथरतो आणि त्यावर त्यांना ठेवतो. मग तिचा हात त्यांच्या पाठीवरून फिरत राहतो. एरवी तो हात काय करतो ते तू पाहिलं आहेस. शालीची किनार उसवत बसतो, नख दुखावेपर्यंत. बटाटेराव मांडीवर असले की थांबतो. जेवतेही तेव्हाच. एक घास तिला, एक गाजराचा तुकडा त्यांना, असं मी चालवतो. ते नसले तर तोंड मिटून घेते, मग तुझा बाप कितीही नाटकं करो.

आता भानगड सांगतो. दर्शनी भिंतीवर नियमांची पाटी आहे. मांजर, पक्षी, ससा चालेल; उंदीर, घूस आणि कुरतडणाऱ्या वर्गातला कुठलाही प्राणी चालणार नाही. कधीकाळी कोठीघरात उंदरांनी उच्छाद मांडला होता, तेव्हापासून हा नियम आहे. व्यवस्थापिकाबाई चांगल्या आहेत. परवा हळूच विचारायला आल्या, "सर, हा त्या वर्गातला नाही ना? तुम्ही जन्मभर हेच शिकवलंत. तुम्ही म्हणाल ते आम्ही मानू."

शेजारच्या खोलीत एक शिंपी राहतात. त्यांना सगळे मास्तर म्हणतात, त्यामुळे इथे मास्तर ते आणि सर मी. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "अहो बाई, यात शास्त्र कशाला हवं? शेपूट आहे का याला? नाही. कापड कुरतडतो का? नाही. मग कसला आलाय उंदीर! जन्मभर उंदरांशी वैर केलंय मी, मला कळत नाही होय?"

शेपटीवर काही ठरत नाही, हे तुला मी चौथीतच सांगितलं होतं. पटाशीचे दात बघायचे. वर दोन, खाली दोन, आणि मरेपर्यंत वाढत राहणारे, म्हणून सतत काहीतरी कुरतडून झिजवावे लागणारे. ससा या वर्गात बसत नाही, कारण त्याच्या वरच्या दोन दातांमागे आणखी दोन बारीक दात लपलेले असतात. तक्त्यावर ते दोन दात काढताना तुझी आई नाक कागदाला टेकवायची, आठवतंय? तू शेजारी बसून रंगांचं पाणी सांडायचीस.

पण बटाटेरावांच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे. उंदराचं पिल्लू जन्मतं ते बिनकेसांचं आणि आंधळं. यांचं पिल्लू अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊन येतं आणि थोड्याच वेळात पळायला लागतं. मध्यंतरी तर शास्त्रज्ञांतच जुंपली होती. काहींनी पेशींमधले रेणू तपासून जाहीर केलं, की गिनीपिग हे कृंतक, म्हणजे कुरतडणाऱ्या वर्गातले, नव्हेतच, त्यांचं घराणंच वेगळं. मग दुसऱ्यांनी पुष्कळ जास्त प्राणी घेऊन पुन्हा तपासलं आणि तो वाद मिटला. आहेतच ते कृंतक. पण वाद झाला होता, हे तर खरं ना? मी बाईंना तेवढंच सांगितलं, "यावर शास्त्रज्ञांत मतभेद झालेले आहेत." त्यांचा जीव भांड्यात पडला. मुलांनी असं उत्तर लिहिलं असतं तर मी अर्धे मार्क कापले असते.

चिंगीला पापा. तू फोनवर दोन शब्द जास्त बोललीस तर मी रिसीव्हर आईच्या कानाला लावीन. ती बोलेल असं नाही, पण ऐकेल.

तुझे,
बाबा आणि आई


गुरुवार, २७ फेब्रुवारी

चि. ठमे,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र नाही, पण चिंगीचं चित्र पोचलं. तिने बटाटेरावांना चांगली लांबलचक शेपूट काढली आहे. मी दुरुस्त करणार नाही. चित्र आईच्या खाटेजवळ लावलं आहे.

इथे हवा बरी आहे. माझा गुडघा जैसे थे. मास्तरांनी माझ्या जुन्या पँटची कंबर आत घेतली आणि शिवाय मी वाळत चाललोय असं सगळ्यांना सांगत फिरले. नवे पंखे बसवणार म्हणतात, अजून बसले नाहीत.

तू म्हणशील, बाबा पंख्यांवर आले म्हणजे काहीतरी लपवतायत. बरोबर आहे. सांगतो.

कोठीघरात पुन्हा उंदीर झाले. पिठाच्या पोत्यांना भोकं पडली, दिव्याची वायर कुरतडली गेली, आणि कुणीतरी वर तक्रार केली. आरोग्य खात्याचा माणूस तपासणीला आला. वाईट नव्हता. तरुण, दमलेला, बुटांना चिखल लागलेला, जेवणाची वेळ टळत चाललेली. खोल्या बघत बघत आमच्याकडे आला. तुझी आई खिडकीशी, मांडीवर टॉवेल, टॉवेलवर बटाटेराव. दारात मास्तर आणि बाकीचं मंडळ.

"हा काय प्रकार आहे?"

"गिनीपिग आहे," बाई म्हणाल्या.

"म्हणजे उंदरातलाच ना?"

"सर प्राणिशास्त्र शिकवायचे. त्यांनाच विचारा."

मी तयारीतच होतो. म्हटलं, "यावर शास्त्रज्ञांत मतभेद झालेले आहेत."

तो हसला. "मला मतभेद नकोत हो आजोबा. हो की नाही एवढंच सांगा. तुम्ही नाही म्हणा, मी पुढच्या खोलीत जातो."

बघ, किती सोपं करून दिलं होतं त्याने. मी जन्मात कुठल्या प्राण्याबद्दल खोटं बोललो नव्हतो. माणसांबद्दल बोललो असेन, पण प्राण्यांबद्दल नाही. तरी बोललो. छातीवर हात ठेवून म्हणालो, "नाही. हा कृंतक नाही."

त्याने पेनाला टोपण लावलंसुद्धा.

"चूक."

कोण बोललं ते मला आधी कळेचना. मास्तर असतील असं वाटलं. मग बघतो तर तुझी आई ताठ बसलेली, डोळे थेट माझ्यावर. ठमे, आता तुला सांगायला हरकत नाही, कित्येक महिन्यांत तिने दोन शब्द एकापुढे एक ठेवले नव्हते. पाणी हवं असलं तरी नुसता पेला दाखवायची. आणि त्या दिवशी तिने अंगठ्याने अलगद बटाटेरावांचा ओठ वर केला, त्यांचे दात आम्हाला दाखवले आणि म्हणाली, "वर दोन, खाली दोन. सशाला मागे आणखी दोन असतात, म्हणून तो वेगळा. याला नाहीत. हा कृंतकच आहे, सर."

आणि मी काय केलं असेल? मी टाळी वाजवली. "बरोबर! अगदी बरोबर! शाब्बास!" असं खोली दणाणेल इतक्या मोठ्यांदा ओरडलो. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी हसत होतो. तीही हसली. किती दिवसांनी तिचे दात दिसले, पुढच्या दोन दातांमध्ये फट आहे ना, ती दिसली. मास्तरांनी कपाळावर हात मारला तेव्हा कुठे मला समजलं मी काय करून बसलोय.

तो माणूस माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "आजोबा, आता मी काय करू? एवढ्या लोकांसमोर सांगितलंत." त्याने टोपण काढलं आणि लिहिलं. संध्याकाळच्या आत प्राणी बाहेर गेला पाहिजे. मी हात जोडले, बाईंनी जोडले. जाताना तो तुझ्या आईला वाकून नमस्कार करून गेला. तो तरी काय करणार?

तुझं गाव एका संध्याकाळच्या अंतरावर नाही. इथे केस कापायला जो न्हावी येतो त्याने आपणहून टोपली मागितली, म्हणाला, घरी पोरं आहेत, लाड करतील. गाजर कसं चिरायचं, पाणी कसं ठेवायचं, सगळं समजावून सांगितलं. अंगणाच्या फाटकापर्यंत बटाटेराव शिट्टी मारत गेले. त्यांना वाटलं असणार, खायला मिळतंय.

आता जे लिहितोय ते नीट बसून वाच. 'सर' ही चेष्टा नव्हती. मी तुला तसं लिहिलं, कारण तसं लिहिल्यावर मलाही घटकाभर तसं वाटलं. तुझ्या आईने मला उभ्या जन्मात 'अहो' सोडून दुसरी हाक मारली नाही, रागातसुद्धा 'अहो'च, फक्त लांबवून. ते 'अहो' इथे येण्याच्या आधीच बंद पडलं. आमच्या शाळेत ती तक्ते काढून द्यायला यायची, लग्नाच्या पुष्कळ आधी, तेव्हा ती मला 'सर' म्हणायची. ती तिथे जाऊन बसली आहे. मला नवरा म्हणून ओळखत नाही. मी म्हणजे ते सर, ज्यांना पुढच्या आठवड्यापर्यंत दातांचे तक्ते हवे आहेत. म्हणजे तिच्या हिशेबात तू अजून जन्मलेलीच नाहीस, बाळा. म्हणूनच मी रिसीव्हर तिच्या कानाला लावायचं नुसतं बोलायचो आणि लावत नव्हतो.

तू म्हणाली होतीस, दोघंही माझ्याकडे या. तुझ्या दोन खोल्यांत हे सगळं तुला आणि चिंगीला रोज बघायला लावायचं माझ्या जिवावर आलं. याला तू हट्ट म्हणालीस. असेल.

आणि एक कोडं माझं मलाच सुटत नाही. उद्या तोच माणूस पुन्हा आला आणि तिने पुन्हा तसंच उत्तर दिलं, तर मी पुन्हा शाब्बासच म्हणेन. माझ्याच्याने गप्प बसवणार नाही. तिचं उत्तर बरोबर होतं गं.

बटाटेरावांना तू येऊन घेऊन गेलीस तर बरं होईल. न्हाव्याची पोरं चांगली आहेत, पण लहान आहेत.

तुझे बाबा
(आई झोपली आहे.)


मंगळवार, १८ मार्च

चि. ठमे,

आशीर्वाद. तू फोनवर रडलीस आणि 'येते' म्हणालीस, तेवढं मला पुरलं. शनिवारी येतेस ते बाईंना सांगितलं आहे. मास्तर तुझ्यासाठी त्यांची खोली द्यायला निघाले होते, त्यांची समजूत काढावी लागली. काही गोष्टी तू यायच्या आधीच कळवतो. दारात उभं राहून तुला धक्का बसायला नको.

बटाटेराव गेले. न्हावी परवा आला तो आरशात माझ्याशी नजर मिळवेना. मान भादरून झाली, गळ्याभोवतीचा कपडा झटकला, मग म्हणाला, "खातच नव्हता, सर. पोरांनी सगळं देऊन बघितलं. कोपऱ्यात तोंड घालून बसायचा." त्याने पैसे घेतले नाहीत. मी जबरदस्तीने दिले, तर बाकावर ठेवून गेला. एकटा पडला की हा प्राणी खंगतो. कळपात राहणारा आहे ना. मी हे वर्गात शिकवलेलं आहे. चिंगीला काय सांगायचं ते तूच ठरव, मला सुचत नाही.

तुझ्या आईला सांगितलेलं नाही. ती अजून मांडीवर टॉवेल मागते. हाताने पाठ शोधते, ती सापडत नाही, मग टॉवेलचेच धागे काढते. काल चमचा तोंडाशी नेला तर मान फिरवून मला विचारलं, "त्याला गाजर दिलं का?"

मी म्हटलं, "दिलं."

हेही खोटंच. ती चूक काढेल म्हणून मी वाट बघत राहिलो. तिने ते खरं मानलं आणि एक घास घेतला. एकच.

तिचं जेवण आता फारच कमी झालंय. डॉक्टर येऊन गेले. ते म्हणाले ते तू आल्यावर समोर बसून सांगेन. तू आताच येते आहेस हे बरं केलंस, एवढं समज.

हल्ली तिच्या खाटेवर मी बसत नाही. बसलो तर ती सरकून भिंतीला टेकते. परका पुरुष जवळ बसला तर कुणी पण सरकेल, तिचं चुकत नाही. मी खुर्चीवर बसतो. शाळेचा एक जुना तक्ता ट्रंकेत निघाला तो भिंतीला लावलाय आणि रोज एक प्रश्न विचारतो. कधी उत्तर येतं. पूर्वीसारखं नाही, एखादा शब्द. आला की मी शाब्बास म्हणतो आणि मास्तर दारातून टाळी वाजवतात.

पण रविवारी ती चांगली बोलली. उलट मलाच प्रश्न केला, "सर, तुमच्या घरी कोण कोण असतं?"

मी म्हटलं, "बायको आहे."

"कशी आहे?"

"हुशार आहे. माझ्यापेक्षा हुशार. चित्रं सुंदर काढते."

ती खूष झाली. मग खिडकीबाहेर ऊन उतरलेलं दिसलं तशी एकदम काळजीने म्हणाली, "मग तुम्ही इथे काय करताय? जा ना घरी. ती वाट बघत असेल."

मी उठलो. ती सांगतेय म्हटल्यावर उठायला नको? चप्पल घातली, 'येतो' म्हणालो आणि दार ओढून घेतलं. मग बाहेर मास्तरांच्या बाकावर जाऊन बसलो. मास्तर तिथेच होते. त्यांच्या सदऱ्याच्या बाहीला मी डोळे पुसले, ती बाही त्यांनी आधी ओढून घेतली नाही, नंतरही नाही. जेवणाची घंटा झाली तेव्हा मी परत आत गेलो. तिने विचारलं, "बायको बरी आहे ना?" मी बरी आहे म्हणालो.

तर शनिवारचं सांगतो. आत येताना एकदम 'आई' अशी हाक मारू नकोस. ती घाबरते, पोरगी कुणाची हरवली म्हणून शोधायला उठते. मी तसं करून बघितलंय, तुझा फोटो दाखवून 'ही तुझी मुलगी' म्हणालो होतो. म्हण, सरांनी पाठवलंय, मला चित्रं शिकायची आहेत. मग ती स्वतःच सरकून तुला खाटेवर जागा करून देईल. मला देत नाही ती जागा. पेन्सिल फार घट्ट धरलीस तर तुझी बोटं सैल करेल, लहानपणी करायची तशीच. तेवढ्यात तुला मिळेल ते मिळवून घे. रडू आलं तर बाहेर ये, मास्तरांचा बाक आहे.

येताना मऊ पेन्सिली आण, आणि रंग. तुझ्या लहानपणीचा तो कडा उडालेला वाडगा असला तर पाण्यासाठी तोही आण. सांडलास तरी चालेल.

वाट बघतो.

तुझा
बाबा

ता. क. खोलीत असताना मला तूही 'सर'च म्हण.